आत जाता येतं का?

देशातल्या नामांकित इमारती सांगा म्हटलं की पोरं धडाधड नावं घेतात. ताजमहाल, लाल किल्ला, गेटवे. कुणी बांधल्या? बादशहानं, लाटसाहेबानं. दगड फोडणारा आणि घमेली वाहणारी बाई पुस्तकात नाही. गेटवे तर १९११ साली आलेल्या इंग्रज राजाची आठवण म्हणून. पुरं झालं १९२४ साली. आणि आपण त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढतो!

दोस्तहो, इमारत किती उंच, हे आम्ही विचारत नाही. आम्ही विचारतो, आत कोण जातो? १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढं आपली माणसं उभी राहिली. पाच वर्षं लढली. दार उघडलं नाही.

आता नागपुरात या. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं मोकळं मैदान. १४ ऑक्टोबर १९५६. तिथं ना घुमट होता ना कमान. लाखो माणसं होती, पांढऱ्या कपड्यांतली. जागा मोठी झाली ती त्या दिवशी. स्तूप नंतरचा. काम सुरू झालं १९७८ साली, उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी, राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते.

सांचीचा स्तूप भरीव आहे. बाहेरून फिरायचं, आत शिरता येत नाही. वास्तुशिल्पी शिवदानमल यांनी रूप सांचीचं घेतलं, पण स्तूप आतून पोकळ ठेवला. चार दिशांना चार दारं. खेड्यातून बिनतिकीट आलेली म्हातारी सरळ आत जाते. जात विचारणारा दारात कुणी नाही. आमच्या लेखी मोठी इमारत ही.

पण नुसतं आत जाऊन भागत नाही. तिथं काय बांधायचं, हे कोण ठरवणार? आवारात जमिनीखाली पार्किंग खोदायला घेतलं. स्तूपाला धोका आहे, असं लोक म्हणत राहिले. १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक धडकले, काम बंद पाडलं. त्याच दिवशी सरकारनं स्थगिती दिली.

जिंकलो? हो. पण खड्डा पडेस्तोवर आपण कुठं होतो? दरवर्षी गर्दी करायची, हार घालायचे, पुस्तकं घ्यायची आणि घरी जायचं, एवढ्यानं जागा राखली जात नाही. यापुढं कुदळ पडायच्या आधी नकाशा मागा. वाचा. समजला नाही तर शिकलेल्या पोरांना बसवून समजून घ्या. नकाशा भिंतीवर लागल्याशिवाय एक वीट हलू देऊ नका.

मैदान आपल्या बापजाद्यांनी मोठं केलं. राखायचं आपल्याला आहे.