सहीच्या आधी क्रिएटिनिन विचारा

एम. आर. आय. काढायला गेलेल्या माणसापुढे एक कागद सरकवला जातो. 'कॉन्ट्रास्ट द्यावे लागेल, सही करा.' कागद बहुधा इंग्रजीत. कार्यकर्ते म्हणून आम्ही पुष्कळ रुग्णांसोबत गेलो. वाचून सही करणारा विरळाच.

वाचकहो, त्या इंजेक्शनात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. शरीरातल्या पाण्यावर त्याचा चुंबकीय परिणाम होतो आणि गाठ, सूज चित्रात उजळ दिसते. ६० किलोच्या माणसाला साधारण १२ मिलिलिटर औषध लागते. मात्र हा धातू सुटा झाला तर विषारी. आकाराने कॅल्शियमएवढा असल्याने तो कॅल्शियमच्या जागी घुसतो (आमच्या हिशेबाच्या भाषेत, दुसऱ्याच्या नावे उचललेली रक्कम!). म्हणून त्याला एका रेणूच्या पकडीत बांधून देतात. मूत्रपिंड धड असेल तर बहुतेक सगळा दिवसभरात लघवीवाटे जातो.

मूत्रपिंड निकामी असेल तर औषध रेंगाळते आणि पकड सुटते. कातडी कडक होऊन सांधे आखडणारा एक नवाच आजार मूत्रपिंडाच्या रुग्णांत १९९७ साली अमेरिकेत दिसला. त्याचे गॅडोलिनियमशी नाते उघड व्हायला २००६ उजाडले. नऊ वर्षे! २०१७ मध्ये युरोपने सैल पकडीची काही औषधे थांबवली. गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल ही घट्ट पकडीची औषधे चालू आहेत.

आता संशोधक धातू नॅनोकुपीत, म्हणजे अतिसूक्ष्म डबीत, कोंडू पाहत आहेत. गोम अशी की डबी पक्की बंद केली तर पाणी धातूजवळ पोचत नाही आणि चित्र मंद येते. म्हणून पाणी जाईल-येईल पण धातू निसटणार नाही अशी भिंत हवी. ते साधले तर कमी धातूत अधिक उजळ चित्र मिळेल. पण मोठी डबी मूत्रपिंडातून गाळली जात नाही. यकृतात, प्लीहेत अडकते. हे औषध अजून रुग्णालयाच्या नेहमीच्या वापरात नाही. 'नॅनो' म्हणून कोणी जादा पैसे मागितले तर हात आखडता घ्या.

डॉक्टरांना गरज वाटत असेल तर घाबरून तपासणी टाळू नका. पण क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट दाखवा. डायलिसिस चालू असेल, दिवस गेले असतील, तर आधीच सांगा. कागद मराठीत समजावून मागा आणि दिलेल्या औषधाचे नाव फाईलवर लिहून घ्या.