चिंचोक्यांचा कौल

ग्रामसभेत हात वर होतात ते पुष्कळदा वजनदार माणसाकडे पाहून! मग तो निर्णय गावाचा कसा? १९८० च्या दशकाअखेर आपल्या देशात रुजलेली लोकसहभागी पाहणीची पद्धत म्हणूनच मला मोलाची वाटते. जमिनीवर चौकटी आखायच्या. एकीकडे कपाशी, तूर, सोयाबीन, दुसरीकडे खर्च, पाणी, सरपण, भाव. जे पीक सरस, त्याच्या घरात जास्त चिंचोके. शाळा न पाहिलेल्या माझ्या आईलाही हा तक्ता वाचता येईल.

पण नुसती बेरीज करून मोकळे होऊ नये. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारे; तेथे पाण्याचे घर इतरांएवढेच कसे मोजावे? चूल पेटवणारीला सरपण भावाइतकेच मोलाचे नाही काय? कोणते घर किती जड, हे बायाबाप्यांनी मिळून आधी ठरवावे. आपण शिकलेल्यांनी रेघा ओढाव्यात. चिंचोके गावाच्याच हाती असू द्यावेत!