‘बस’ कोणाला?

यंदा उन्हाळ्यात निपाणीचे माझे मेहुणे आठ दिवस आमच्याकडे उज्जैनला राहून गेले आणि जाताना एका शब्दावरून भांडण लावून गेले. पाहुण्यांशी घरात मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून तेव्हा जे बोललो नाही ते इथे लिहितो. या अंकाचे बरेचसे वाचक मेहुण्यांच्या बाजूचे असतील याची मला कल्पना आहे. असू देत.

आमचे घर नानाखेड्यात, बसस्टँडपासून चालत सात मिनिटांवर. नातू इंदूरच्या कॉलेजात जातो. त्या संध्याकाळी घामेजून घरी आला आणि आजीला म्हणाला, “आजी, बसमध्ये बसायला जागाच नव्हती, बस, उभाच होतो.”

मेहुण्यांनी हातातली बशी खाली ठेवली. “दाजी, एका वाक्यात तीन ‘बस’, आणि त्यातला एकच मराठी! एक हिंदी, एक इंग्रजी. पोराची भाषा गेली बघा. आम्ही तिकडं पाटीवरच्या एका अक्षरासाठी लाठ्या खातो, आणि तुम्ही इथं खुशाल ऐकून घेता!”

बायकोने त्यांच्यापुढे आणखी चहा सरकवला, तर हात आडवा धरून म्हणाले, “बास, बास.”

हा ‘बास’ कुठला, हे मी तेव्हाच विचारायला हवे होते. तो फारसी. फारसीत ‘बस’ म्हणजे पुरे. मराठीने तो घेतला, हिंदीने घेतला. निपाणी-कोल्हापूरकडे त्याचा ‘बास’ झाला आणि पुण्यात ‘बस्स’. म्हणजे माझ्या नातवाचा जो शब्द मेहुण्यांनी हिंदी म्हणून झिडकारला, तोच त्यांच्या स्वतःच्या तोंडात, एक काना जास्त लावून. बसायचा ‘बस’ मात्र संस्कृत ‘उपविश्’ पासून प्राकृतातून, ‘बैस’ होत आपल्याकडे आला. हिंदीत आणखी एक ‘बस’ आहे, ‘यह मेरे बस की बात नहीं’ मधला. तो ‘वश’चा ‘बस’ झाला. आमच्यासारख्या माळव्यातल्या मराठी घरात हे सगळे ‘बस’ एकाच पाटावर जेवतात. पोराला त्यांची गल्लत होत नाही. गल्लत होते ती मोठ्यांची.

राहिला इंग्रजी ‘बस’. सगळा राग त्याच्यावर, म्हणून त्याची कुंडली जरा सावकाश मांडतो.

‘बस’ हा मुळात शब्दच नव्हे. तो एका शब्दाचे शेपूट आहे. मूळ शब्द लॅटिन, ‘ओम्निबुस’. ‘ओम्निस’ म्हणजे सर्व. त्याचे चतुर्थीचे अनेकवचन ‘ओम्निबुस’, म्हणजे सर्वांना, सर्वांसाठी. ‘बुस’ हा नुसता प्रत्यय. शाळेत आपण स-ला-ना-ते घोकले, त्यातला ‘ना’ तो हा. इंग्रजांना लांब शब्द उच्चारायचा आळस. त्यांनी डोके आणि धड कापले, शेपूट ठेवले. ‘सर्वांना’ मधले ‘सर्वां’ टाकून आपण जर म्हटले, की मी सकाळच्या ‘ना’ने इंदूरला गेलो, तर जसे होईल तसे हे झाले आहे.

आणि हा प्रत्यय तरी परका आहे का? संस्कृतात चतुर्थीचे अनेकवचन ‘सर्वेभ्यः’. हा ‘भ्यः’ आणि लॅटिनचा ‘बुस’ एकाच फार जुन्या घराण्यातले भाऊ आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. कालिदासाच्या नावाने दरवर्षी समारोह करणाऱ्या गावात मी राहतो. इथल्या स्टँडवर दिवसभर जो पुकारा चालतो तो एका अर्थाने चतुर्थीच्या प्रत्ययाचा पुकारा आहे. मेहुणे ज्याला गोऱ्यांचा शब्द म्हणून हाकलायला निघाले, तो आपला चुलतभाऊ निघाला. (गंमत अशी की हा भाऊ वीजखात्यातही नोकरीला आहे. उपकेंद्रात ज्या जाड पट्टीवरून सगळ्या फिडरांना वीज वाटली जाते तिला ‘बसबार’ म्हणतात. तोही ‘सर्वांना’च.)

पण शब्द नातलग निघाला म्हणून मी त्याची बाजू घेत नाही. तो काय वचन देतो, ते पाहून घेतो.

सर्वांसाठी ठरल्या मार्गाची, ठरल्या भाड्याची गाडी ही कल्पना १६६२ साली पॅरिसमध्ये गणितज्ञ पास्काल याच्या डोक्यातून निघाली. भाडे पाच सू. पण तिथल्या पार्लमांने हुकूम काढला की साधे शिपाई, हुजरे आणि नोकरचाकर यांनी या गाडीत बसायचे नाही. ‘सर्वां’ची व्याख्या पहिल्याच वर्षी आखडली, आणि काही वर्षांत गाडीही बंद पडली. पुढे १८२६ च्या सुमारास नांत शहरात स्तानिस्लास बोद्री नावाच्या गृहस्थाने आपल्या स्नानगृहाकडे गिऱ्हाइके आणायला गाडी सुरू केली. लोक आंघोळीला जाण्याऐवजी वाटेतच उतरू लागले. तेव्हा तो शहाणा माणूस स्नानगृह सोडून गाडीच्याच धंद्यात पडला. ‘ओम्निबुस’ हे नाव तिथले. कुणा टोपीवाल्याच्या दुकानाच्या पाटीवरून ते उचलले अशी एक रंगतदार कथा सांगतात. तिला पुरावा सापडत नाही, तेव्हा ती सोडून देऊ. ४ जुलै १८२९ ला लंडनमध्ये शिलिबीयरची तीन घोड्यांची, बावीस उतारूंची ओम्निबस धावली. मुंबईत मोटारबस आली १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. आणि १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला आपली एस.टी. सुटली.

त्या एस.टी.चे ब्रीद काय? ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’. पुन्हा चतुर्थी! वाचकहो, लाल डब्याच्या तक्रारी तुमच्याइतक्याच माझ्याही आहेत. फुटक्या काचा, खिळखिळी बाकडी, खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा. पण ‘गाव तेथे एस.टी.’ या तीन शब्दांत जे वचन होते ते ‘ओम्निबुस’चे अचूक भाषांतर होते. शब्दकोशवाल्यांना ते कधी जमले नाही, महामंडळाला जमले.

आता नानाखेड्याचे ऐका. मध्य प्रदेशाने आपले सरकारी परिवहन महामंडळ २००५ साली बंद करायचा निर्णय घेतला, आणि सरकारी गाड्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. आज इथल्या स्टँडवर उभ्या असतात त्या बहुतेक खासगी मालकांच्या. इंदूरला जायला अडचण नाही; पंचावन्न किलोमीटर, उतारू भरपूर, गाडीमागे गाडी. जिथे नफा तिथे चतुर्थी टिकली आहे. अडचण आडगावची आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचे माहेर इथून दोन तासांवर. लग्नसराईत त्या मार्गावरची गाडी वऱ्हाड घेऊन जाते, आणि त्या दिवशी गावाला गाडीच नाही. गेल्या वैशाखात त्यांची आई आजारी असल्याचा निरोप आला. त्या स्टँडवर गेल्या, दुपारपर्यंत बसल्या. कुणी सांगणारे नाही, कुणाला विचारायची सोय नाही. चौकशीच्या खिडकीत माणूस नाही. एका गाडीवाल्याने हात हलवला, “आज नहीं जाएगी, बस.” संध्याकाळी त्या परत आल्या, आमच्या ओट्यावर बसल्या आणि पाणी मागितले. दुसऱ्या दिवशी पोचल्या तेव्हा आई बोलत नव्हती.

त्या बाई माळवी बोलतात. ‘बस’ इंग्रजी की संस्कृत, हा प्रश्न त्यांना पडणार नाही. मला मात्र लाज वाटली, कारण महामंडळ मोडले तेव्हा मी याच गावात होतो, आणि आमच्या मराठी मंडळींत त्या वर्षी वाद रंगला होता तो निमंत्रणपत्रिकेवर ‘प्रमुख अतिथी’ लिहायचे की ‘प्रमुख पाहुणे’ यावर. एक अर्ज, एक सभा, काही नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने पुन्हा बससेवेची एक योजना मंजूर केली. तिच्यातही देखरेख सरकारची आणि गाड्या खासगीच. त्या वऱ्हाड सोडून गावाला जातात का, ते बघायला हवे.

आणि आता सीमाभागाकडे येतो. मेहुण्यांना राग येईल, पण येऊ दे. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावकडे तिकिटाच्या वेळी कोणती भाषा बोलायची यावरून कर्नाटकच्या वाहकाला मारहाण झाली, मग चित्रदुर्गाकडे महाराष्ट्राची एस.टी. अडवून चालकाच्या तोंडाला काळे फासले, आणि शेवटी कर्नाटकात जाणारी एस.टी. काही दिवस बंद ठेवावी लागली. त्याआधी २०२२ च्या डिसेंबरातही हेच. भाषेचा अपमान झाला म्हणून दोन्हीकडच्यांनी राग काढायला जागा निवडली ती कुठली? ज्या एका वाहनाच्या नावातच ‘सर्वांना’ लिहिले आहे ते. मोटारीने जाणाऱ्या मंत्र्यांचा प्रवास थांबला नाही. थांबली ती निपाणीहून कोल्हापूरला डोळे तपासायला निघालेली म्हातारी, मराठी आणि कन्नड दोन्ही.

सीमाभागातल्या मराठी माणसाच्या तक्रारी खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. मुलांना मराठी शाळा हवी, कचेरीत मराठी कागद हवा, त्यासाठी भांडायलाच हवे. मीही परक्या मुलखात मराठी जपणाऱ्यांपैकीच आहे. पण बसच्या पत्र्याला काळे फासणारा माणूस मराठीसाठी लढतो आहे, हे मला मान्य नाही. तो कोणाही भाषेच्या गरिबाविरुद्ध लढतो आहे. अमेरिकेत माँटगोमेरीच्या काळ्या लोकांनी १९५५ च्या डिसेंबरात बसवर बहिष्कार घातला आणि ३८१ दिवस पायी चालले. पण तो बसमध्ये सर्वांना सारखी जागा मिळावी म्हणून. आपण बहिष्कार घालतो तो कुणीच बसू नये म्हणून!

मेहुणे निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर बायकोही पुण्याला बहिणीकडे निघाली. मी दोघांना इंदूरपर्यंत सोडायला गेलो. तिथून महाराष्ट्राची एस.टी. होती. वाहकाने तिकिटे फाडली. मेहुण्यांनी हिशेब तपासला आणि चक्रावले.

“दाजी, ताईचं तिकीट असं कसं? धड पूर्ण नाही, धड अर्धं नाही.”

बायकोच म्हणाली, “अरे, बिजासन घाटापर्यंत पूर्ण. पुढे महाराष्ट्र लागला की बायकांना अर्धं.”

२०२३ च्या मार्चपासून ही सवलत आहे, आणि ती राज्याच्या हद्दीपुरतीच. मेहुणे तिकिटाकडे बराच वेळ बघत राहिले. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, “नातवाला सांगा, शब्दाचं राहू दे. पण उभ्यानं जातोय तर पास तरी काढून द्या त्याला.”

पास कुठून काढू? मासिक पास द्यायला मालक तयार नाहीत. नातू रोज रोख पैसे मोजतो आणि उभा जातो.