वर्गाच्या टीव्हीला १२० हर्ट्झ कशाला?



लोकवर्गणीतून वर्गासाठी टीव्ही घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "साठवाला देऊ की एकशेवीसवाला?" किमतीत चांगलाच फरक असतो. घरी मुलं म्हणतात, "अभ्यासाला १४४ हर्ट्झचाच मॉनिटर पाहिजे." माझं मत स्पष्ट आहे : वर्गाला आणि अभ्यासाला ६० पुरे.

वहीच्या कोपऱ्यात पानोपानी चेंडू काढून पानं भरभर सोडली की चेंडू उडताना दिसतो ना? पडद्याचंही तसंच. ६० हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने मांडतो. एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं, १२० हर्ट्झला ८.३. (१००० भागिले ६० मुलांनाच करायला द्या, मजा येते त्यांना.)

पण वहीत मुळात चित्रंच कमी असतील तर? सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण २५ चित्रांचं. कवितेचा किंवा विज्ञानाचा व्हिडिओही बहुधा २५-३० चा. मग १२० चा पडदा तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवत बसतो. स्क्रोल करताना मजकूर जरा गुळगुळीत सरकतो, हे खरं. वेगवान गेम खेळणाऱ्याला तर फरक नक्की कळतो. पालकांनो, १४४ चा हट्ट बहुतेक वेळा तिथूनच येतो बरं का!

"पण डोळ्यांचं काय?" ही भीती जुन्या डबा मॉनिटरच्या काळातली. त्यात ६० ला लुकलुक जाणवायची, म्हणून ७५ किंवा ८५ ठेवायचे. आजच्या एलसीडी-एलईडी पडद्यात पुढचं चित्र येईपर्यंत आधीचं तसंच टिकून राहतं. काही पडद्यांचा मागचा दिवा उजेड कमी केल्यावर लुकलुकतो, पण त्याचा या हर्ट्झशी संबंध नाही.

खोक्यावर 'मोशन रेट २४०' वगैरे लिहिलेलं असेल तर भुलू नका. तो जाहिरातीचा आकडा असतो. 'नेटिव्ह रिफ्रेश रेट किती?' असंच विचारा.

उलट ६० च्या खाली जाऊ नये, याकडे लक्ष हवं. जुना लॅपटॉप फोर-के टीव्हीला जोडला आणि त्याचं एचडीएमआय १.४ असलं, तर फोर-के चित्र ३० हर्ट्झवरच चालतं आणि माऊस अडखळतो. अशा वेळी रिझोल्यूशन फुल एचडी करा. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये चालू आकडा दिसतो.

वाचलेले पैसे मोठ्या आकाराला, जास्त उजेडाला आणि बऱ्या स्पीकरला लावा. खिडकीच्या उन्हात फिका पडणारा १२० चा टीव्ही काय कामाचा! दुकानात जाताना पेनड्राइव्हमध्ये पाठ्यपुस्तकाची पीडीएफ न्या, आपल्या शेवटच्या बाकाइतक्या अंतरावर उभे राहा आणि जोडाक्षरं नीट वाचता येतात का ते बघा.