मासळीतला मेदही मोजा

मराठवाड्यातल्या लासूर स्टेशनच्या बाजारात मटण-मासळीचा भाव सर्वांना कळतो. हृदयाला हितकर ओमेगा-३ मेदाम्लांचे प्रमाण मात्र कोणी सांगत नाही. तारली, बांगड्यात ती भरपूर, रोहू-कटल्यात कमी, बोकडाच्या मटणात अत्यल्प. जनावराचे खाद्य बदलले की हे प्रमाणही बदलते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत मेदाम्लेही आहेत. पण देशाची सरासरी म्हणजे आपले ताट नव्हे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने जायकवाडी धरणातली मासळी आणि मराठवाड्यातले मटण मेदाम्ले मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफी पद्धतीने तपासावे, निष्कर्ष मराठीत जाहीर करावेत. ही माहिती मिळणे हा समुद्रापासून दूर राहणाऱ्या, मोजक्या पैशांत मुलांचे पोषण साधणाऱ्या कुटुंबांचा हक्क आहे.