पिशवीत काय आहे ते पिशवीवर छापा

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
नवी दिल्ली.

विषय : कुत्र्यांच्या कोरड्या खाद्याच्या पाकिटावर घटक व पोषणमूल्ये छापणे बंधनकारक करणे, तसेच या खाद्याच्या तपासणीची आणि तक्रारीची व्यवस्था लावणे.

महोदय/महोदया,

आम्ही पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात कुत्री पाळणारे नागरिक आहोत. आमच्यातले काही जण वस्तीतल्या भटक्या कुत्र्यांनाही रोज खायला घालतात आणि दोघे जण व्यवसायाने पशुवैद्यक आहेत. पूर्वी घरातले कुत्रे भाकरी, दूध आणि ताटात उरलेल्यावर वाढायचे. त्यात कमीजास्त व्हायचे, पण आज एक तर उद्या दुसरे असे पोटात जात असे. आता शहरातली हजारो कुत्री सकाळ-संध्याकाळ एकाच पिशवीतले कोरडे दाणे वर्षानुवर्षे खातात. त्या पिशवीत एखादी गोष्ट कमी असली तर ती रोजच कमी पडते आणि जास्त असली तर रोजच जास्त जाते. म्हणून या पिशवीवर काय लिहिलेले असते याला एरवीपेक्षा अधिक महत्त्व आहे.

कायद्यात मात्र या पिशवीला धड जागाच नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधील अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. भारतीय मानक ब्यूरोने कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक केले आहे, पण ते ऐच्छिक आहे, पाळणाऱ्याने पाळावे. उरतात वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११. त्यांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, वजन, किंमत, महिना-वर्ष छापावे लागते. घटकांची यादी छापावी लागत नाही. ‘यापूर्वी वापरावे’ ही तारीखसुद्धा त्या नियमांत मानवी सेवनास अयोग्य होऊ शकणाऱ्या वस्तूंपुरतीच मागितली आहे. कुत्र्याचे खाणे मानवी सेवनाचे नसल्याने एखाद्या उत्पादकाने तीही छापली नाही तर त्याला कोणत्या नियमाखाली धरायचे? अनेक कंपन्या आज यातले बरेच काही आपणहून छापतात हे आम्ही मान्य करतो. पण आपणहून छापणारा जे सोयीचे तेच छापतो.

पाकिटावर सर्वांत ठळक असतो प्रथिनांचा आकडा. ‘क्रूड प्रोटीन २४ टक्के’ वाचले की गिऱ्हाईक निश्चिंत होते. हा आकडा काढण्याची पद्धत डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये दिली. तीत प्रथिन थेट मोजत नाहीत; नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. त्यामुळे कोंबडीच्या मांसातले प्रथिन, मक्याच्या ग्लुटेनमधले प्रथिन आणि पिसांच्या भुकटीतले प्रथिन या आकड्यात सारखेच दिसते, कुत्र्याच्या आतड्यात मात्र सारखे ठरत नाही. आणि जे प्रथिनच नाही, तेही यात खपून जाते. मेलामाइन या औद्योगिक रसायनात वजनाच्या दोन-तृतीयांश इतका नायट्रोजन असतो, म्हणजे एक ग्रॅम मेलामाइन चार ग्रॅमहून अधिक प्रथिनासारखे मोजले जाते. २००७ मध्ये चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये ते मिसळलेले निघाले. उत्तर अमेरिकेत कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली आणि एकट्या एका उत्पादकाला सहा कोटींहून अधिक डबे-पाकिटे बाजारातून परत घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दूधभुकटीत हीच भेसळ सापडली. कुत्र्यांच्या खाण्याकडे लक्ष द्यायला सरकारला वेळ कुठला, असे ज्यांना वाटते त्यांनी हा क्रम पाहावा. जपानने त्या प्रकारानंतर पाळीव प्राण्यांच्या खाद्याच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र कायदा केला आणि तो जून २००९ पासून अमलात आहे.

तेव्हा आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी की, केंद्र सरकारने भारतीय मानक ब्यूरो कायदा, २०१६ च्या कलम १६ खालील अधिकार वापरून आयएस ११९६८ हे मानक देशात विकल्या जाणाऱ्या सर्व कोरड्या श्वानखाद्याला, आयात मालासह, बंधनकारक करावे. त्याच्या जोडीला आवेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती करून पुढील मजकूर पाकिटावर इंग्रजी आणि हिंदीबरोबरच विक्रीच्या राज्याच्या भाषेतही सक्तीचा करावा : घटकांची वजनाच्या उतरत्या क्रमाने पूर्ण यादी, प्रथिने, स्निग्धांश, तंतू, ओलावा, राख, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण, किलोमागे ऊर्जा, खाद्य कोणत्या वयाच्या कुत्र्यासाठी आहे ते, बॅच क्रमांक आणि वापराची शेवटची तारीख.

ओलावा आणि राख यांचा आग्रह का, हे सांगितले पाहिजे, कारण पाकिटावरून सहसा हेच दोन आकडे गळतात. अमेरिकेतील खाद्यनियंत्रण अधिकाऱ्यांच्या ‘आफ्को’ या संघटनेच्या निकषांनुसार पिल्लांच्या खाद्यात, पाणी वजा जाता, किमान २२.५ टक्के प्रथिने हवीत आणि मोठ्या कुत्र्यांच्या खाद्यात १८ टक्के. समजा, पिल्लांच्या एका पाकिटावर प्रथिने २० टक्के आणि ओलावा १० टक्के छापला आहे. वीस भागिले नव्वद केले की २२.२ टक्के येतात. म्हणजे ते पाकीट थोडक्यात नापास. ओलावा छापलाच नाही तर हा हिशेब मांडता येत नाही. राखेचेही तसेच. प्रथिने २४, स्निग्धांश १०, तंतू ५, ओलावा १० आणि राख ८ असेल तर उरलेले ४३ टक्के पिष्ट, म्हणजे मका, तांदूळ, गहू. राख लपवली की पिष्टाचा आकडाही लपतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. धान्य घातलेल्या खाद्याविरुद्ध आमची तक्रार नाही. माणसाबरोबर राहून कुत्रा लांडग्यापेक्षा पिष्ट चांगले पचवायला शिकला, हे २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील जनुकीय संशोधनाने दाखवले आहे. आणि आमच्याकडच्या कुत्र्यांनी ते भाकरी खाऊन त्याआधीच सिद्ध केले होते. ‘ग्रेन-फ्री’ लिहून दुप्पट भाव लावणारी पाकिटे आपोआप चांगली ठरत नाहीत. वाटाणा, मसूर यांचा भरणा असलेल्या अशा खाद्यांचा हृदयाचे स्नायू कमकुवत होण्याच्या विकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली होती. कार्यकारणभाव ठामपणे सिद्ध झाला नाही. आम्हाला मका चालतो. मका घालून पिशवीवर कोंबडीचे चित्र छापलेले चालत नाही.

घटकांची यादीही फसवी करता येते. ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि यादी शिजवण्यापूर्वीच्या वजनावर बेतलेली असते. त्यामुळे यादीत पहिले आलेले ‘चिकन’ दाणा वाळल्यावर बरेच मागे जाते, तर ‘चिकन मील’ ही आधीच कोरडी भुकटी तिसऱ्या क्रमांकावर असूनही जास्त प्रथिन देऊन जाते. दुसरी युक्ती म्हणजे मका, मक्याचे पीठ, मक्याचे ग्लुटेन अशी एकाच धान्याची तीन नावे वेगवेगळी लिहून प्रत्येकाला खाली ढकलणे. यासाठी एकाच धान्याचे सर्व प्रकार कंसात एकत्र आणि एकूण टक्केवारीसह दाखवावेत. ‘प्राणिजन्य पदार्थ’ असे मोघम लिहिण्यास मनाई करून प्राण्याचे नाव लिहायला लावावे. हा पोषणाइतकाच अनेक घरांच्या श्रद्धेचाही प्रश्न आहे. नावाबद्दल ‘आफ्को’चा नियम सरळ आहे : नुसते ‘विथ चिकन’ म्हणायचे तर किमान ३ टक्के चिकन हवे आणि ‘चिकन डिनर’सारखे नाव द्यायचे तर २५ टक्के. असा नियम इथेही करावा आणि तो मोडणाऱ्या जाहिरातींची दखल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने घ्यावी.

कॅल्शियमचा मुद्दा आमच्यातील पशुवैद्यकांनी आग्रहाने घालायला सांगितला. लॅब्रडॉर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांना जादा कॅल्शियम शरीराबाहेर ठेवता येत नाही. हाडे आणि सांधे बिघडतात. म्हणूनच त्यांच्या खाद्यात कॅल्शियमची कमाल मर्यादा १.८ टक्के सांगितली आहे. पाकिटावर आकडा नसल्याने मालक हौसेने वरून कॅल्शियमचे सिरप पाजतात.

आता सुट्या विक्रीबद्दल. वीस किलोची गोणी फोडून त्यातले दाणे बिनलेबल प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून किलोवर विकणे सर्रास चालते. भटक्या कुत्र्यांना खायला घालणारे बहुतेक जण परवडते म्हणून हेच घेतात, त्यामुळे ते सरसकट बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. पण दाण्यावर फवारलेली चरबी हवा लागली की खवट होते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. मक्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष यकृतावर घाला घालते आणि दाणा भाजला तरी पुरते जात नाही. अमेरिकेत २०२० च्या अखेरीस एका कंपनीच्या अशा खाद्यामुळे ११० हून अधिक कुत्री दगावल्याची नोंद तिथल्या प्रशासनाने केली. तिथे ती नोंद झाली आणि बॅच क्रमांकांवरून माल परत बोलावता आला. आपल्याकडे सुट्या पिशवीतला दाणा कुठल्या बॅचचा हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. सुटे विकणाऱ्याने मूळ गोणीचे लेबल आणि गोणी फोडल्याची तारीख दुकानात लावणे व प्रत्येक पिशवीवर बॅच क्रमांक चिकटवणे सक्तीचे करावे.

खाद्यामुळे कुत्रे आजारी पडले तर दाद कुठे मागायची, हेही ठरवून द्यावे. आमच्यातल्या एकाला एका कार्यालयाने हे माणसाचे अन्न नाही म्हणून परत पाठवले, तर दुसऱ्याने हे जनावराचे औषध नाही म्हणून. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर यासाठी वेगळा विभाग ठेवावा आणि दरवर्षी बाजारातून नमुने उचलून त्यांचे निकाल कंपनीच्या नावासह जाहीर करावेत. त्यासाठी नव्या इमारती बांधायला नकोत. आणंद येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची पशुखाद्य तपासणारी प्रयोगशाळा आहे आणि महाराष्ट्रात मुंबई व नागपूर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

हे सगळे छापले तर किंमत वाढेल, असे उत्पादक म्हणतील. यातल्या काही कंपन्या इतर देशांत हेच आकडे छापून माल विकतात. शाई तिथेही फुकट मिळत नसावी.

या निवेदनावर आपल्या विभागाने काय ठरवले, ते लेखी कळवावे आणि मानकाच्या पुनर्विचाराच्या वेळी ग्राहकांच्या व पशुवैद्यकांच्या प्रतिनिधींनाही बोलवावे, ही विनंती. तपासलेल्या पाकिटांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपले विश्वासू,
पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील श्वानपालक
(सह्यांची यादी सोबत)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. सचिव, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभाग, भारत सरकार
मा. महासंचालक, भारतीय मानक ब्यूरो
मा. नियंत्रक, वैधमापनशास्त्र, महाराष्ट्र राज्य