बांधावरची जांभळी फळे व म्हातारपणची स्मरणशक्ती

शेतीविषयक पत्रिकेत स्मरणशक्तीची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु बांधावर काय राखावे व काय तोडावे, बाजारात काय न्यावे व घरी काय ठेवावे, हे शेतकरीच ठरवितो. आणि त्या निर्णयाचा परिणाम घरातील माणसांच्या ताटापर्यंत पोचतो. म्हणून हा विषय शेतकऱ्याचा आहे, तसाच तो ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचाही आहे, असे माझे मत आहे.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. कृषी पदवी घेऊन मी नोकरीस लागलो तेव्हा घाटमाथ्यावरील एका गावी एका शेतकऱ्यास करवंदीच्या जुन्या जाळ्या काढून तारेचे कुंपण घालण्याचा सल्ला मी दिला. जाळ्यांनी जागा अडते, त्यांत उंदीर-घुशींना आसरा मिळतो, हे माझे म्हणणे खोटे नव्हते. परंतु ते अपुरे होते. जाळ्या निघाल्या, तार आली. पुढल्या वैशाखात त्या घरी गेलो असता त्या शेतकऱ्याच्या वृद्ध आई म्हणाल्या, "साहेब, कुंपण झ्याक झालं. पण औंदा करवंद काही तोंडाला लागलं न्हाई." त्या माउलीच्या आहारात वर्षाकाठी जी थोडी फळे येत, त्यांतील एक माझ्या सल्ल्याने कमी झाले होते. जमिनीचा हिशेब मांडताना ही तूट मी धरलीच नव्हती.

ही तूट किरकोळ समजू नये. आपल्या देशातील साठ वर्षांवरील माणसांच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार या वयाच्या शंभर माणसांपैकी सातांहून अधिक माणसांस स्मृतिभ्रंशाचा विकार आहे, आणि अशा माणसांची संख्या सुमारे ८८ लाख भरते. खेड्यांतील प्रमाण शहरांपेक्षा अधिक आढळले. आपण मात्र या विकारास 'म्हातारचळ' म्हणून सोडून देतो. वडीलधारे माणूस नावे विसरू लागले, ओळखीची वाट चुकू लागले, की घरातील एका माणसाचे, बहुधा सुनेचे किंवा लेकीचे, सारे दिवस त्यांच्या पाठीमागे जातात. शेतावरचे दोन हात कमी होतात, आणि घरातील एक जाणते माणूस हरवते.

या विकारावर फळे हा उपाय नव्हे, हे आरंभीच स्पष्ट करतो. तथापि म्हातारपणी बुद्धीचा ऱ्हास मंदावण्यास गडद रंगाच्या लहान फळांची मदत होत असावी, असे मानण्यास आधार आहे. अमेरिकेतील बोस्टन येथील शास्त्रज्ञांनी १९९९ साली वृद्ध उंदरांना आठ आठवडे ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी किंवा पालक यांचा अर्क आहारातून दिला, तेव्हा त्यांच्या स्मरणात व हालचालींत सुधारणा दिसली. पुढे त्याच देशातील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीतून सत्तर वर्षांवरील १६,०१० स्त्रियांची माहिती तपासण्यात आली व २०१२ साली प्रसिद्ध झाली. ज्या स्त्रियांच्या आहारात ब्लूबेरी व स्ट्रॉबेरी अधिक होत्या, त्यांच्या बुद्धीचा ऱ्हास अडीच वर्षांपर्यंत मागे पडलेला आढळला. अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. फळे खाणारी माणसे इतर बाबतींतही प्रकृतीस जपणारी असू शकतात.

हे कसे घडत असावे? या फळांस जांभळा, काळा किंवा लाल रंग देणारे जे द्रव्य असते, त्यास अँथोसायनिन म्हणतात. त्याचा अल्पसा भागच लहान आतड्यात शोषला जातो. उरलेला भाग फळातील चोथ्यासह मोठ्या आतड्यात उतरतो. तेथे कोट्यवधी सूक्ष्म जंतूंची वस्ती असते. हे जंतू त्या रंगद्रव्याचे तुकडे करून साधी आम्ले तयार करतात, व ती रक्तात मिसळू शकतात. चोथ्यापासून हे जंतू ब्यूटिरेटसारखी आम्ले बनवितात व त्यांवर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. अस्तर धड राहिले म्हणजे अपायकारक पदार्थ रक्तात झिरपण्यास आळा बसतो व शरीरातील दाह कमी राहतो. दीर्घकाळ टिकणारा दाह मेंदूस हानिकारक असतो, आणि आतडे व मेंदू यांच्यामध्ये मज्जातंतूंच्या व रक्ताच्या मार्गाने सतत देवाणघेवाण चालू असते.

शेतकऱ्यास ही गोष्ट नवी वाटू नये. जमिनीत शेणखत, पालापाचोळा पडला नाही तर तिच्यातील जिवाणू उपाशी राहतात, आणि नुसत्या रासायनिक खताने ती उणीव भरून निघत नाही. पोटाचेही तसेच आहे. म्हातारपणी दात जातात, भूक मंदावते, आहार भात-आमटी किंवा चहा-भाकरीवर येतो; फळे व भाज्या कमी होतात, आणि जंतूंच्या त्या वस्तीतील विविधताही बहुधा घटते. शेतास खत घालण्यास आपण विसरत नाही. आजीच्या ताटात फळ घालण्यास मात्र विसरतो.

वर सांगितलेले प्रयोग ब्लूबेरी व स्ट्रॉबेरीवर झाले, जांभूळ-करवंदांवर नव्हेत. परंतु पिकलेल्या जांभळाचा व करवंदाचा रंग अँथोसायनिन याच गटातील द्रव्यांचा आहे. सबब महागडी परदेशी फळे किंवा 'स्मरणशक्ती वाढविणारी' म्हणून विकली जाणारी चूर्णे यांमागे धावण्याचे कारण नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरात हिवाळ्यात स्ट्रॉबेरी पिकते, चैत्र-वैशाखात डोंगराला करवंदे लागतात, आणि पावसाच्या तोंडावर जांभळे येतात. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था दररोज सुमारे १०० ग्रॅम फळे खाण्याची शिफारस करते. त्या १०० ग्रॅमांत हंगामाप्रमाणे या फळांस जागा मिळाली तरी पुष्कळ झाले.

यावर एक आक्षेप येतो व तो रास्त आहे. जांभळाची पाटी शहरात चांगल्या भावाने जाते. ती घरी खाणे गरिबास परवडेल काय? माझे उत्तर असे की, सगळी पाटी घरी ठेवा असे कोणीच म्हणत नाही. फुटलेली, फार पिकलेली फळे बाजारात भाव खात नाहीत. ती त्याच दिवशी घरी खाण्यास उत्तम असतात. शिवाय पाटी भरण्यापूर्वी घरच्या म्हाताऱ्यांसाठी एक ओंजळ बाजूस काढावी. बियाण्याचे धान्य आपण आधी वेगळे काढतो, मग उरलेले विकतो. तोच नियम येथे लावावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस माझी विनंती आहे की, बांध-कुंपणाविषयी सल्ला देताना करवंदीस एकदम कुऱ्हाड लावण्यास सांगू नये. जाळी फार पसरली असेल तर छाटून आटोपशीर करावी. नवे कुंपण करावयाचे असल्यास पिकलेल्या फळांचे बी काढून लगेच रोपे करावीत, कारण हे बी फार दिवस टिकत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने करवंदाचा 'कोकण बोल्ड' व जांभळाचा 'कोकण बहाडोली' हे वाण दिले आहेत. जांभळाचे बियांपासूनचे झाड फळावर येण्यास आठ-दहा वर्षे लागतात, म्हणून शक्य तेथे कलमे लावावीत. स्ट्रॉबेरीच्या बागायतदारांनी फवारणीनंतर औषधाच्या डब्यावर दिलेले दिवस भरल्याखेरीज फळ तोडू नये, बाजारासाठीही नाही व घरासाठीही नाही. आणि फळे वाहत्या पाण्यात धुऊनच खावीत.

वृद्धांस फळ देताना बिया काढून गर मऊ करून द्यावा. रंग व चोथा सालीत पुष्कळ असतो, म्हणून साल टाकू नये. सरबतात साखर फार पडते. त्यापेक्षा आख्खे फळ बरे. मधुमेहाचे किंवा अन्य औषध चालू असेल तर जांभळाच्या भरवशावर ते बंद करू नये. विसराळूपणा वाढत असल्याचे दिसताच वडीलधाऱ्यांस प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. आणि फळाने गेलेली स्मृती परत येते, असे आश्वासन कार्यकर्त्याने कोणास देऊ नये. जे ठाऊक आहे तेवढेच सांगितले, तर आपल्या शब्दावरचा विश्वास टिकतो.

त्या शेतकऱ्याच्या तारेलगत आम्ही गेल्या पावसाळ्यात करवंदीची रोपे लावली. त्यांस फळ धरण्यास काही वर्षे जातील. तोवर शेजारच्या बांधावरून त्या आजींसाठी करवंदांचा द्रोण येतो. जाळी तोडण्यास एक दिवस पुरला होता. ती पुन्हा उभी करण्यास किती काळ लागतो, हे पुढील सल्ला देताना आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे.